नववीच्या मुलीला आयनिक संयुगांची नावं कशी शिकवू?

शेवंती_सातारा

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, सेमी इंग्रजी. विज्ञान तिला मनापासून आवडतं, पण संयुगांच्या नावांचा धडा आला की ती वही मिटून बसते. सोडियम क्लोराइड, मॅग्नेशियम ऑक्साइड इथवर सगळं ठीक. पुढे घोळ. परवा चाचणीचा पेपर घरी आला. तिने लिहिलेली नावं जशीच्या तशी देते. मोबाइलवर सूत्रातले खालचे आकडे टाकता येत नाहीत, म्हणून उच्चाराप्रमाणे लिहिते.

एनए-२-ओ : डायसोडियम ऑक्साइड
एमजी-सीएल-२ : मॅग्नेशियम डायक्लोराइड
सीयू-२-ओ : कॉपर (२) ऑक्साइड
एनए-२-एसओ-३ : सोडियम सल्फाइड

चारही चूक. शिकवणीत पन्नास नावांची यादी मिळाली आहे आणि पाठ करा असं सांगितलंय. पोर रात्री पाठ करते, सकाळी त्यातली अर्धी विसरलेली असते. मी कला शाखेची, मला यातलं येत नाही. काल ती मला म्हणाली, "आई, कार्बन डायऑक्साइड चालतं, मग मॅग्नेशियम डायक्लोराइड का चालत नाही?" मला उत्तर देता आलं नाही आणि ते फार लागलं. कोणी मुळापासून सांगेल का?

मोगरा७८

ताई, मूलकांचा, म्हणजे क्लोराइड, सल्फेट अशा प्रभारित तुकड्यांचा, तक्ता तोंडपाठ करून घ्या. त्याला पर्याय नाही. आमच्या वेळी सर रोज तासाच्या सुरुवातीला पाच मूलकं विचारायचे.

खडू_फळा

शेवंतीताई, एकतीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवून आता घरी आहे. तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे. ज्या मुलीला हा प्रश्न पडतो तिला यादीची गरज नाही, तिला कारण हवंय. तेच आधी सांगतो.

आयनिक संयुगात देवाणघेवाण झालेली असते. धातूने इलेक्ट्रॉन दिले, तो धन प्रभारित झाला. समोरच्याने घेतले, तो ऋण प्रभारित झाला. संयुग मात्र एकूण उदासीन. म्हणजे धन आणि ऋण यांची बेरीज शून्य झालीच पाहिजे. सगळा धडा या एका वाक्यावर उभा आहे.

आता मॅग्नेशियम घ्या. तो दोनच इलेक्ट्रॉन देतो, त्याचा प्रभार धन दोन. क्लोराइडचा ऋण एक. मग एका मॅग्नेशियमला क्लोराइड किती लागतील? दोन. दुसरं उत्तरच नाही. 'मॅग्नेशियम क्लोराइड' एवढं ऐकलं की दोनचा आकडा ऐकणाऱ्याला आपोआप कळतो, म्हणून नावात 'डाय' घालत नाहीत. सोडियम ऑक्साइडचंही तेच. ऑक्साइड ऋण दोन, सोडियम धन एक, म्हणजे सोडियम दोन लागणारच.

कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात देवाणघेवाण नाही, तिथे भागीदारी आहे. बेरीज शून्य करायला तिथे प्रभारच नाहीत. आणि त्या दोघांची जोडी एकाहून जास्त प्रकारे जमते. एक ऑक्सिजन असेल तर मोनॉक्साइड, बंद खोलीत शेगडी पेटवली तर जीव घेणारा. दोन असतील तर डायऑक्साइड, आपल्या उच्छ्वासातला. नाव ऐकून आकडा कळायला दुसरा मार्ग नाही, म्हणून मोजून सांगावा लागतो.

आता तिला एक पेन्सिल द्या. प्रत्येक सूत्रात धन बाजू आणि ऋण बाजू यांच्यामध्ये एक उभी रेघ मारायला सांगा. नाव शोधायच्या आधी रेघ. मी वर्गात रेघ मारल्याशिवाय कोणाला बोलू देत नसे. एनए-२ इकडे, एसओ-३ तिकडे. रेघेच्या उजवीकडे जे उरलं तो एक अख्खा तुकडा आहे, त्याची चिरफाड करायची नाही. तो तुकडा म्हणजे सल्फाइट. मुलं त्यात फक्त गंधक बघतात आणि सल्फाइड लिहून मोकळी होतात. तुमच्या मुलीचं तेच झालं.

सीयू-२-ओ सगळ्यांत महत्त्वाचं, त्याबद्दल सविस्तर लिहितो. जेवून येतो.

पेन्सिल_रेघ

मीही कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवते. सर येईपर्यंत नावांच्या शेवटांबद्दल लिहिते, कारण अकरावीला आलेली मुलंसुद्धा इथेच अडखळतात.

'आइड' म्हणजे एकटं मूलद्रव्य: क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड, नायट्राइड. 'आइट' आणि 'एट' म्हणजे सोबत ऑक्सिजन आहे. 'एट'मध्ये जास्त, 'आइट'मध्ये त्याहून एक कमी. हायड्रॉक्साइड, सायनाइड, पेरॉक्साइड असे काही अपवाद लक्षात ठेवायचे, तुकडा एकाहून जास्त अणूंचा असूनही शेवट 'आइड'.

मुलांचा खरा गैरसमज वेगळा असतो. त्यांना वाटतं 'एट' म्हणजे चार ऑक्सिजन. तसं नाही. सल्फेटमध्ये चार आहेत, फॉस्फेटमध्ये चार, पण नायट्रेटमध्ये तीन आणि कार्बोनेटमध्येही तीन. 'एट' हा शब्द आकडा सांगत नाही, भावंडांतला थोरला कोण ते सांगतो. तेव्हा मोगरा म्हणतात तसं थोडं पाठांतर आहेच, पण फक्त थोरल्यांचं. सल्फेट चार हे पक्कं केलं की सल्फाइट तीन, नायट्रेट तीन की नायट्राइट दोन, हे आपलं आपण काढता येतं. प्रभार मात्र थोरल्या-धाकट्याचा सारखाच राहतो, हे मुलीला ठासून सांगा. सल्फेटही ऋण दोन, सल्फाइटही ऋण दोन.

क्लोरीनच्या घरात चार भावंडं आहेत आणि ती चारही मी फळ्यावर एका ओळीत काढते. एक ऑक्सिजन हायपोक्लोराइट, दोन क्लोराइट, तीन क्लोरेट, चार परक्लोरेट. धाकट्याच्याही खाली 'हायपो', थोरल्याच्याही वर 'पर'. गावात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, तिचं काम हायपोक्लोराइट करतं. आगपेटीच्या काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं. एक पाणी शुद्ध करतं, दुसरं ज्वाला पेटवतं, आणि नावात फरक दोन-तीन अक्षरांचा. हे ऐकल्यावर मुलं अक्षरं नीट लिहायला लागतात, हा माझा दरवर्षीचा अनुभव आहे.

खडू_फळा

पेन्सिलताई, थोरला-धाकटा फार छान. मी हे असं कधी सांगितलं नव्हतं.

आता सीयू-२-ओ. मुलीने खाली दोन पाहिला आणि कंसात दोन लिहिला. निम्मा वर्ग हेच करतो. (कंसातला आकडा वहीत रोमनच लिहायचा, इथे टाइप करायला सोपं म्हणून मी देवनागरी लिहितोय.) खालचा आकडा अणूंची संख्या सांगतो. कंसातला आकडा एका अणूवरचा प्रभार सांगतो. दोन्ही पूर्ण वेगळ्या गोष्टी.

रेघ मारा. उजवीकडे एक ऑक्साइड, ऋण दोन. म्हणजे डाव्या बाजूला एकूण धन दोन हवेत. ते दोन तांब्यांनी मिळून दिले, प्रत्येकी एक. नाव कॉपर (१) ऑक्साइड. तांबडा असतो. आता सीयू-ओ घ्या, खाली आकडाच नाही. उजवीकडे ऋण दोन, डावीकडे तांबं एकटंच, म्हणून धन दोन त्याच्या एकट्यावर. कॉपर (२) ऑक्साइड, काळा. ज्याच्या सूत्रात दोन दिसतो त्याच्या नावात एक, आणि ज्याच्या सूत्रात काहीच दिसत नाही त्याच्या नावात दोन! हे एकदा स्वतःच्या हाताने काढलं की आयुष्यभर विसरत नाही.

नेहमी उजवीकडून सुरुवात करायची. ऋण बाजू आपली खात्रीची असते, तिच्यावरून धातूचा प्रभार काढायचा. एफई-२-ओ-३ : तीन ऑक्साइड, ऋण सहा. दोन लोखंड, धन सहा, प्रत्येकी तीन. आयर्न (३) ऑक्साइड. आपला गंज हाच, फक्त त्यात पाणीही असतं.

आणि हा कंस फक्त प्रभार बदलणाऱ्या धातूंनाच. लोह, तांबं, शिसं, कथील, पारा ही नेहमीची मंडळी. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम यांचा प्रभार ठरलेला, त्यांना कंस लावला तर गुण जातात.

नदीकाठ

आयर्न (२), आयर्न (३) यांना फेरस, फेरिक म्हणणं जुनं झालंय ना? मुलांना कशाला त्यात पाडायचं? कंसातला आकडा शिकवला की झालं.

औषधी_वडी

नदीकाठ, असहमत. माझं औषधांचं दुकान आहे. रक्तवाढीच्या गोळ्यांच्या पट्ट्या उचलून बघा. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस अ‍ॅस्कॉर्बेट. कंसातला आकडा मला तिथे दिसलेला नाही. आणि फेरसच का, यालाही कारण आहे. धन दोन प्रभाराचं लोह आतड्यातून फेरिकपेक्षा सहज शोषलं जातं.

पाऱ्याचं उदाहरण तर प्रत्येक शाळेत सांगायला हवं. मर्क्युरस क्लोराइड, म्हणजे जुन्या डॉक्टरांचं कॅलोमेल, एकेकाळी रेचक म्हणून पोटात दिलं जायचं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. मर्क्युरिक क्लोराइड मात्र पाण्यात विरघळतं आणि ते जहाल विष आहे. एक 'अस', एक 'इक', बाकी नाव तेच. (कॅलोमेलही निर्धोक नव्हतं, म्हणून ते औषधातून गेलं.) नाव नीट वाचणं ही माझ्या धंद्यात परीक्षेपुरती गोष्ट नाही.

खडू_फळा

दोघांचंही बरोबर आहे. 'अस' म्हणजे कमी प्रभार, 'इक' म्हणजे जास्त, एवढंच ते सांगतात. नेमका किती ते सांगत नाहीत. फेरस दोन, फेरिक तीन. क्युप्रस एक, क्युप्रिक दोन. स्टॅनस दोन, स्टॅनिक चार. प्रत्येक धातूचं वेगळं पाठ करावं लागतं. ही अडचण ओळखून आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९ साली कंसात आकडा लिहायची पद्धत सुचवली. या स्टॉकना प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पाऱ्याच्या वाफेची विषबाधा झाली होती. १९२६ साली त्यांनी स्वतःची लक्षणं लिहून इतरांना सावध केलं. माझ्या मनात म्हणून पारा आणि हा कंस कायम जोडलेले आहेत.

आपल्या मुलांवर आणखी एक ओझं असतं, ते मोठ्यांच्या लक्षात येत नाही. घरी तांबं, पुस्तकात कॉपर, संज्ञा सीयू आणि नावात क्युप्रिक. एका धातूची चार रूपं. लॅटिन नाव एकदा सांगून टाका, मग संज्ञा आणि 'अस-इक' दोन्ही एकाच दोऱ्यात येतात. तांबं क्युप्रम, लोह फेरम, कथील स्टॅनम, शिसं प्लंबम.

राईनकाठची_मराठी

इथे जर्मनीत माझा मुलगा शाळेत मिठाला 'नात्रिउमक्लोरिड' म्हणतो. जर्मनमध्ये सोडियमला नात्रिउम आणि पोटॅशियमला कालिउम म्हणतात. त्यामुळे सोडियमची संज्ञा एनए का आणि पोटॅशियमची के का, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. मी सांगलीला शिकताना मात्र वर्षभर एनए आणि एन यांत अडकले होते.

द्राक्षबाग_तासगाव

मी शास्त्राचा माणूस नाही, बारावीनंतर शेतीच. पण ही नावं माझ्या रोजच्या तोंडात आहेत, म्हणून लिहितो.

बागेला ड्रिपमधून खतं सोडतो. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. शिवाय कॅल्शियम नायट्रेट, मॅग्नेशियम सल्फेट, झिंक सल्फेट. पहिल्या वर्षी मला वाटलं, सगळी पाण्यात विरघळतात ना, मग एकाच ड्रममध्ये सोडू. कॅल्शियम नायट्रेट विरघळवलं, पाणी नितळ. त्यात मॅग्नेशियम सल्फेट ओतलं आणि काठीने ढवळायला लागलो, तर बघता बघता पाणी ताकासारखं पांढरं झालं. थोड्या वेळाने तळाला हा एवढा साका. तसंच सोडलं. आठ दिवसांत ओळीच्या ओळी सुकायला लागल्या, कारण ड्रिपर चोकअप. एकेक ड्रिपर काढून धुतला आम्ही दोघा नवरा-बायकोने.

नंतर एका कृषी सहायकाने मला नुसतं नाव मोडून दाखवलं. म्हणाले, दादा, प्रत्येक खताचं नाव दोन शब्दांचं आहे. पाण्यात पडलं की ते दोन शब्द सुटे होतात. आता पहिल्याचा कॅल्शियम आणि दुसऱ्याचा सल्फेट एकमेकांना भेटले. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम, ते पाण्यात फार थोडं विरघळतं, बाकीचं खाली बसतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले तरी तेच. त्या दिवसापासून पिशवीवरचं नाव वाचल्याशिवाय ड्रममध्ये काही पडत नाही, आणि कॅल्शियम नायट्रेटचा दिवस वेगळा.

तुमच्या लेकीला सांगा, हे शेतात लागतं. वर सर म्हणाले तशी रेघ मीही मारतो, फक्त नावात मारतो.

आणखी एक. हिराकसची, म्हणजे फेरस सल्फेटची, पिशवी पावसाळ्यात उघडी राहिली होती. हिरवट खडे वरून पिवळसर तपकिरी पडले. म्हणजे फेरसचं फेरिक झालं का? जाणकारांनी सांगावं.

पेन्सिल_रेघ

दादा, बरोबर. हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओलीने धन दोनचं धन तीन होत जातं. 'अस'चं 'इक' होताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. तुमच्या ड्रमचं उदाहरण उद्या वर्गात सांगणार आहे, चालेल ना?

द्राक्षबाग_तासगाव

अवश्य सांगा ताई. पोरं शेतकऱ्यांचीच असतील.

खडू_फळा

तासगावकर दादांनी जे लिहिलं तेच या नावांमागचं मूळ कारण आहे. आपल्याकडे मोरचूद, हिराकस, तुरटी ही नावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गोड नावं आहेत, बाजारात आजही चालतात. पण ती ऐकून कोणाला कळेल का, की या तिन्हींत सल्फेट आहे? युरोपातही निळं व्हिट्रिऑल, हिरवं व्हिट्रिऑल अशी रंगावरून नावं होती. १७८७ साली फ्रान्समध्ये गितों द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फुरक्रुआ या चौघांनी ठरवलं, की पदार्थ ज्यांचा बनलाय तेच त्याचं नाव. पहिला शब्द एका घटकाचा, दुसरा दुसऱ्याचा. आपण आज शिकवतो त्या दोन शब्दी नावांची मुळं तिथे आहेत.

शेवंती_सातारा

सगळ्यांचे किती आभार मानू! काल रात्री आम्ही दोघी पेन्सिल घेऊन बसलो. पेपरातली चारही तिने स्वतः दुरुस्त केली. मग यादीतल्या पन्नासांपैकी तीस रेघा मारून काढली. एकच अडलं. बीए-ओ-२. तिने उजवीकडे दोन ऑक्साइड धरले, ऋण चार, म्हणून बेरियम (४) ऑक्साइड. यादीत मात्र बेरियम पेरॉक्साइड आहे. ती म्हणते, मी सरांच्याच पद्धतीने केलं. कुठे चुकलं?

खडू_फळा

पद्धत बरोबर चालली, फक्त शेवटी उलट तपासणी राहिली. बेरियम कॅल्शियमच्याच गणातला, तो दोनच इलेक्ट्रॉन देतो. धन चार आला म्हणजे समजायचं की उजवीकडचा तुकडा आपण चुकीचा वाचला. तिथे दोन सुटे ऑक्साइड नाहीत, दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून बसलेत आणि दोघांवर मिळून ऋण दोन आहे. तो तुकडा पेरॉक्साइड.

आता तिला पीबी-ओ-२ द्या. सूत्राचा आकार तोच, पण शिसं धन चार होऊ शकतं. म्हणून तिथे सुटे दोन ऑक्साइड, लेड (४) ऑक्साइड. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या शिशाच्या बॅटरीत धन पट्टीवर हेच असतं.

मोगरा७८

मी पाठांतरवाली, पण हे वाचून आज मुलाबरोबर रेघा मारल्या. एक शंका. सोडियम बायकार्बोनेटमधला 'बाय' म्हणजे दोन ना? मग सूत्रात कार्बोनेट एकच कसं?

पेन्सिल_रेघ

तो 'बाय' जुन्या काळचा आहे. त्याच सोडियमच्या वाट्याला धुण्याच्या सोड्याच्या (सोडियम कार्बोनेटच्या) दुप्पट कार्बोनेट येतं, म्हणून तसं नाव पडलं. नवं नाव सोडियम हायड्रोजन कार्बोनेट. त्यात रेघ सोडियमनंतर मारायची. कार्बोनेट ऋण दोन, त्याला एक हायड्रोजन चिकटला म्हणून तुकडा ऋण एक. एका सोडियमने भागतं.

शेवंती_सातारा

आज शाळेतून आल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यावर तुरटीचा खडा ठेवला होता आणि शेजारी वही. पुस्तकाच्या मागे तुरटीचं सूत्र सापडलं म्हणे. के, एएल, मग कंसात एसओ-४ आणि बाहेर दोन. तिने एएलनंतर रेघ मारली होती. डावीकडे पोटॅशियमचा एक आणि अ‍ॅल्युमिनियमचे तीन, धन चार. उजवीकडे सल्फेट दोन वेळा, ऋण चार. खाली शून्य लिहून त्याला गोल केला होता. "आई, डावीकडे दोघं आहेत, तरी जुळतं." पोटॅशियम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. हे नाव यादीत नव्हतं, तिने स्वतः लावलं.

पुढे ठिपका देऊन १२ एच-२-ओ आहे. त्याचं नाव डोडेकाहायड्रेट असं दिलंय, डोडेका म्हणजे बारा. ती विचारते, इथे आकडा का मोजून सांगितला? आपण तर आयनिकमध्ये मोजत नाही.

खडू_फळा

तिलाच विचारा, पाण्याच्या रेणूवर प्रभार किती?

शेवंती_सातारा

विचारलं. क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "शून्य. म्हणजे बेरजेवरून पाणी किती ते कळणारच नाही. म्हणून सांगावं लागतं. कार्बन डायऑक्साइडसारखं!"

सर, आता ती मोरचुदाचं सूत्र शोधतेय.